पायाळू बाळाची प्रसूती: या चुका टाळा

कंबरेत उसण भरली की खेडोपाडी अजूनही पायाळू माणसाचा शोध घेतला जातो. त्याने पाठीवर हलकी लाथ मारली की उसण उतरते म्हणे. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं, पायाळूवर वीज पडते, असेही समज आहेत. यातलं खरं-खोटं सोडून देऊ. पण पायाळू माणसाभोवती एवढं गूढ का जमलं असावं, याचा अंदाज लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या कुणालाही करता येईल. पायाकडून येणारं बाळ सुखरूप हाती लागणं हीच त्या काळी मोठी गोष्ट असणार.

आज परिस्थिती वेगळी आहे आणि थोडी विचित्रही. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी ३ ते ४ बाळं ब्रीच, म्हणजे पायाळू, असतात. त्यातली बहुतेक सिझरने होतात. त्यामुळे नव्या डॉक्टरांनी ब्रीच डिलिव्हरी पुस्तकात वाचलेली असते, हाताने केलेली नसते. आणि मग रात्री अडीच वाजता जीपमधून एक बाई उतरते, तपासावं तर कुल्ले खाली आलेले, आणि सिझरची सोय ४० किलोमीटरवर. तिथे ‘आमच्याकडे ब्रीच करत नाही’ हे वाक्य उपयोगाचं नसतं.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, लेबर रूमच्या सिस्टर, प्रसूतिशास्त्रात नुकतेच डीजीओ-एमडी करून बाहेर पडलेले मित्र, यांच्या आणि माझ्याही हातून झालेल्या चुका इथे मांडतो आहे. घरी कुणी करून बघावं असं यात काहीही नाही.

सगळी भीती २००० सालापासूनची

कॅनडातल्या मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली झालेला ‘टर्म ब्रीच ट्रायल’ २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २६ देशांतली १२१ केंद्रं, २,०८८ बायका. ठरवून सिझर केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, आणि खालून प्रसूती ठरवलेल्या गटात ५ टक्के. हे आकडे आले आणि जगभर ब्रीच म्हणजे सिझर हे समीकरण पक्कं झालं. चार वर्षांनी त्यातल्याच काही मुलांची दोन वर्षांची तपासणी प्रसिद्ध झाली. तेव्हा मृत्यू किंवा वाढीतला दोष यांत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधला ८,१०५ बायकांचा अभ्यास आला. नीट निवड आणि सरावलेले हात असतील तर दोन्ही मार्गांचा निकाल जवळपास सारखा, असं त्यात दिसलं.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ च्या मार्गदर्शिकेत दिलेले आकडे बाईला आणि नातेवाइकांना समजावून सांगायला सोपे आहेत. ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर केलं तर हजारात साधारण ०.५ बाळ दगावतं. डोक्याकडून येणाऱ्या बाळाची खालून प्रसूती ठरवली तर हजारात १. ब्रीचची खालून प्रसूती ठरवली तर हजारात २. म्हणजे धोका आहे, दुप्पट-चौपट आहे, पण ‘बाळ जाणारच’ असा नाही. हे न सांगता ‘सिझर करा नाहीतर आम्ही जबाबदार नाही’ असं म्हणणं हीसुद्धा चूकच. सिझरचा व्रण पुढच्या बाळंतपणात काय करू शकतो, तेही त्याच बैठकीत सांगायला हवं.

सोनोग्राफीवर ‘ब्रीच’ वाचून घाबरणं, आणि ३६व्या आठवड्यात पोट न बघणं

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘ब्रीच प्रेझेंटेशन’ छापून येतं आणि सासूबाई रडायला लागतात. २८व्या आठवड्यात चार-पाचातलं एक बाळ ब्रीच असतं, त्यातली बहुतेक आपणहून फिरतात. तेव्हा घाबरण्यासारखं काही नसतं, हे सांगून बाईला घरी पाठवावं.

खरी चूक नंतर होते. ३६व्या आठवड्यात पोटाला हात लावून डोकं कुठे आहे हे बघायचं, ते राहून जातं. नऊ तारखेच्या मातृत्व अभियानाला रांग लागलेली असते, बीपी, वजन, हिमोग्लोबिन लिहून बाई पुढे सरकते. बाई स्वतः सांगत असते की बरगडीखाली काहीतरी टणक लागतं, वाकलं की टोचतं. हे वाक्य ऐकलं की थांबायचं. वरच्या टोकाला गोल, टणक, हाताखाली हलणारं लागलं आणि बाळाचे ठोके आईच्या बेंबीच्या वर मिळाले, तर ब्रीच समजून सोनोग्राफी करून घ्यायची.

त्या वेळी कळलं तर बाळ बाहेरून फिरवण्याचा पर्याय हातात असतो. पहिलटकरणीत ३६व्या आठवड्यापासून, बाकीच्यांत ३७व्या. साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणीत थोडं कमी, आधी बाळंत झालेल्यांत थोडं जास्त. जिथे लगेच सिझर करता येईल तिथेच, ठोक्यांवर लक्ष ठेवून, आणि आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देऊन. आधी रक्तस्राव झालेला, पाणी गेलेलं, जुळं, ठोके बिघडलेले, अशांत नाही. ‘आमच्या गावची बाई तेल लावून पोट चोळून मूल फिरवते’ असं नातेवाईक सांगतात. त्यांना शांतपणे समजवा. वार सुटली तर तिथे ना रक्त असतं ना ऑपरेशन थिएटर.

बोटाला काय लागलं हे न ओळखणं

पीव्ही, म्हणजे बोटांनी आतून तपासणी, करताना मऊ लागलं की ब्रीच, एवढ्यावर थांबू नये. कळा बराच वेळ चाललेल्या असल्या तर कुल्ले सुजतात, आणि चेहऱ्याने येणारं बाळही तसंच मऊ लागतं. हाडांकडे लक्ष द्या. गुदद्वार आणि बसायची दोन हाडं एका सरळ रेषेत येतात. तोंड आणि गालाची दोन हाडं त्रिकोण करतात. तोंडात हिरड्या लागतात आणि बाळ बोट चोखतं. गुदद्वार बोट आवळतं आणि हातमोज्याला शी लागते. हात की पाय असा प्रश्न पडला तर टाच शोधा. टाच फक्त पायाला असते, आणि अंगठा फाकतो तो हाताचा.

ब्रीच कोणता हेही तेव्हाच ठरतं. दोन्ही पाय सरळ वर, पावलं तोंडाशी, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि खालून येण्यासाठी बऱ्यापैकी चांगला, कारण कुल्ले आणि मांड्या मिळून गर्भपिशवीचं तोंड नीट भरून काढतात. मांडी घालून बसलेलं बाळ त्याच्या खालोखाल. पाऊल खाली लटकलेला फूटलिंग मात्र वाईट. पाऊल तोंड भरत नाही, बाजूने नाळ घसरते. पाय वर असलेल्या ब्रीचमध्ये नाळ खाली येण्याचं प्रमाण दोनशेत एक आहे, फूटलिंगमध्ये शंभरात १५ ते १८.

कुणाला चालेल हे आधी न ठरवणं

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती हाताने सुधारता येत नाही. बाळाचं अंदाजे वजन ३.८ किलोच्या वर, किंवा वाढ खुंटलेलं बाळ, फूटलिंग, मान मागे वळलेली, ठोके आधीच बिघडलेले, ओटीपोटाची वाट अरुंद: यातलं काहीही असेल आणि वेळ असेल तर सिझर. मान मागे वळलेली आहे की नाही हे सोनोग्राफीवाल्याला मुद्दाम विचारायचं, कारण आपण विचारलं नाही तर तो लिहीत नाही. अशा बाळाचं डोकं खालून आणताना मानेचा मणका दुखावू शकतो.

लेबर सुरू झाल्यावर ब्रीच आपणहून नीट खाली सरकत असेल तर वाट मोकळी आहे. सरकत नसेल तर ते उत्तर समजायचं. कॅनडाच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलेला हिशेब मला पटतो: तोंड पूर्ण उघडल्यावर जोर न लावता खाली उतरायला ९० मिनिटांपर्यंत, आणि जोर लावायला सुरुवात झाल्यावर ६० मिनिटांत प्रसूती समोर दिसत नसेल तर सिझर. तासन्‌तास वाट बघणं ब्रीचला मानवत नाही.

अगदी शेवटच्या क्षणी गाडीत घालणं

हे वाचून काही जण नाराज होतील. केंद्रात सिझर नाही, ब्रीच दिसला, मग १०८ ला फोन. तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडलेलं असेल तर बरोबरच आहे. सोबत सिस्टर द्या, डिलिव्हरी किट आणि बाळाला श्वास देण्याची अँब्यू बॅग द्या, पुढच्या रुग्णालयाला फोन करून सगळं सांगा. पण तोंड पूर्ण उघडलंय, कुल्ले दारात दिसताहेत, आणि तरी बाईला स्ट्रेचरवर चढवलं, तर ती प्रसूती घाटात, अंधारात, हलत्या गाडीत होणार. तिथे मदतीला दुसरी व्यक्ती नसते, डोकं अडकलं तर पोटावर दाब द्यायला कुणी नसतं. अशा वेळी तिथेच करा. पुढे काय लागेल ते फोनवर मागवा.

पाणमोट फोडणं, ड्रिप लावणं, लवकर जोर करायला लावणं

पाणमोट ही ब्रीचची चांगली मैत्रीण आहे. ती आपल्या हाताने फोडू नका. आपोआप फुटली तर लगेच ठोके ऐका आणि पीव्ही करून नाळ बघा. नाळ लागली आणि प्रसूती लगेच होणार नसेल, तर बाईला गुडघ्या-कोपरांवर ओणवं करा, बोटांनी ब्रीच वर धरा, मूत्राशयात सलाईन भरा आणि धावा.

ब्रीच हळू चाललंय म्हणून ऑक्सिटोसिनची ड्रिप वाढवत नेणं ही अगदी नेहमीची चूक. डोक्याच्या बाळात हळू चालण्याचं कारण कळा कमी असणं हे बऱ्याचदा असतं. ब्रीचमध्ये ते बाळ-वाटेचं न जुळणं असू शकतं, आणि ड्रिपने जोर करून खाली आणलेलं ते न जुळणं शेवटी डोक्यापाशी कळतं. तेव्हा मागे फिरता येत नाही.

जोर करण्याची इच्छा ब्रीचमध्ये लवकर येते, कारण कुल्ल्यांचा घेर डोक्याहून लहान. सात-आठ सेंटिमीटरवर बाई जोर करू लागते, सोबतची मावशी ‘लाव जोर, लाव’ म्हणते, आणि बाळ कमरेपर्यंत बाहेर येतं. मग उघडायचं राहिलेलं तोंड मानेभोवती आवळतं. लहान, कमी दिवसांच्या बाळात हे जास्त होतं, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं. म्हणून जोर करायला सांगण्याआधी बोटाने चारही बाजूंनी फिरून बघायचं. कडा शिल्लक नाही याची खात्री पटली की मगच. पाऊल दारात दिसतंय याचा अर्थ तोंड पूर्ण उघडलं, असा घेऊ नका. ते पाऊल ओढू तर नकाच नका.

हिरवं पाणी दिसलं की लेबर रूममध्ये गडबड उडते. लेबरच्या सुरुवातीला हिरवं पाणी ही काळजीची गोष्ट आहे. पण कुल्ले खाली उतरल्यावर बाळाचं पोट दाबलं जाऊन शी बाहेर येते, ते ब्रीचमध्ये अपेक्षितच. ठोके चांगले असतील तर त्यावरून घाई करू नका.

ओढणं

आता मुख्य चूक. बाकीच्या सगळ्या एका बाजूला आणि ही एका बाजूला.

लहान मुलाचं झबलं काढताना काय होतं ते आठवा. झबलं वर ओढलं की मुलाचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जातात. ब्रीच बाळाला खाली ओढलं की तेच घडतं. वाटेच्या भिंती झबल्यासारख्या वर सरकतात, छातीवर दुमडलेले हात डोक्याच्या बाजूला वर जातात, हनुवटी छातीपासून सुटते आणि मान मागे वळते. आता डोक्याबरोबर दोन हातही त्याच वाटेतून काढायचे, आणि डोकं त्याच्या मोठ्या घेराने. आपण मदत केली असं वाटतं, आणि प्रत्यक्षात सोपी प्रसूती आपणच अवघड केलेली असते.

वरून कळ ढकलते तेव्हा हात छातीवर आणि हनुवटी खाली राहते. म्हणून वरून येऊ द्यायचं, खालून आणायचं नाही. बाईला पलंगाच्या कडेवर आणून बसवलंय, मूत्राशय रिकामं केलंय, आणि आता आपण हात मागे घेऊन उभे आहोत. कुल्ले येतात, एका कळेत थोडे, दुसऱ्या कळेत थोडे. कळ गेल्यावरही पुढचा कुल्ला आत जात नाही, तेव्हा गरज वाटली तरच एपिसिओटॉमी, म्हणजे दाराशी छेद. त्याआधी कापून ठेवलेल्या जखमेतून नुसतं रक्त जातं.

नवशिक्या डॉक्टरला हात मागे ठेवणं सर्वांत अवघड जातं. माझ्या पहिल्या ब्रीचला वरिष्ठ सिस्टरने मला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं केलं होतं आणि ‘डॉक्टर, आता काही करू नका’ असं मोठ्याने सांगितलं होतं. मला तेव्हा राग आला होता.

एक लक्षात ठेवायचं: बाळाची पाठ वर, म्हणजे आईच्या पोटाच्या बाजूला, राहिली पाहिजे. पाठ खाली फिरायला लागली तर कमरेला धरून हलकेच वर वळवा. पोट वर करून बाळ आलं तर हनुवटी ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकते. (बाई गुडघ्या-हातांवर असेल तर आपल्याला हे सगळं उलटं दिसतं, बाळाचं पोट आपल्याकडे येतं आणि तेच बरोबर असतं. जर्मनीत फ्रँकफर्टच्या विद्यापीठ रुग्णालयात या पद्धतीवर बरंच काम झालंय. पण तिच्यातल्या युक्त्या वेगळ्या आहेत, व्हिडिओ बघून पहिल्यांदाच रात्री अडीचला करायच्या नाहीत.)

पाय सरळ वर असतील आणि येत नसतील, तर पाऊल धरून खेचू नका, मांडीचं हाड मोडतं. गुडघ्यामागच्या खळगीत बोट ठेवून दाबा, मांडी बाजूला घ्या, गुडघा दुमडतो आणि पाय आपोआप घसरून येतो. याला पिनार्डची युक्ती म्हणतात.

नाळेचा फास काढून सैल करायला जुनी पुस्तकं सांगत. नाळेला उगीच हात लावल्याने ती आकसते. अगदी ताणलेली दिसली तरच थोडी सैल करा, एरवी राहू द्या.

या ‘ओढू नका’ला एक अपवाद आहे आणि तो मान्य करायला हवा. जुळ्यातलं पहिलं बाळ डोक्याने झालंय, दुसरं ब्रीच आहे, तोंड पूर्ण उघडलेलंच आहे. अशा वेळी तज्ज्ञ आत हात घालून पाय धरून बाळ बाहेर काढतो. ते वेगळं कौशल्य आहे, एकट्या ब्रीचला ते लावू नये.

पोटाला धरणं

बाळ घसरतं म्हणून पकड घट्ट करताना हात पोटावर जातात. नवजात बाळाचं यकृत मोठं असतं आणि बरगड्यांखाली उघडं असतं. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी या पकडीत फुटू शकतात. धरायचं ते हाडाला: दोन्ही अंगठे माकडहाडाच्या वर पाठीवर, बोटं खुब्याच्या हाडावर आणि मांड्यांवर. कोरडा, कोमट टॉवेल गुंडाळला की घसरत नाही. गार टॉवेल नको, गारव्याने बाळ आतच श्वास घेण्याचा प्रयत्न करतं.

हात अडकले की घाबरणं

पाठीची दोन फरे दिसली की हातांचा विचार. बऱ्याचदा ते आपणहून येतात, किंवा कोपराच्या लवणात बोट घालून चेहऱ्यावरून पुसल्यासारखा हात खाली आणता येतो. दंड धरून बाहेर ओढलात तर हाड मोडणार.

हात वर गेलेले असतील तर लोव्सेटची युक्ती. नॉर्वेतल्या बर्गनच्या यॉर्गन लोव्सेट यांनी १९३७ मध्ये ती मांडली आणि तिच्यामागचा विचार साधा आहे. ओटीपोटाची वाट तिरकी असते. त्यामुळे मागचा खांदा पुढच्या खांद्यापेक्षा आधी आत उतरलेला असतो. बाळाला खुब्यांना धरून, पाठ वर ठेवून, थोडासा खाली ताण देत अर्धा वळसा फिरवलं, की मागचा खांदा पुढच्या हाडाखाली येतो आणि तो हात बोटाने काढता येतो. मग उलट दिशेने अर्धा वळसा, दुसरा हात. फिरवताना पाठ खाली गेली तर सगळं बिघडलं. शिकवताना मी हे बाहुलीवर दहा-दहा वेळा करून घेतो, कारण गडबडीत डावं-उजवं सुचत नाही.

हात मानेमागे गेलेला असेल तर बाळाचा पंजा ज्या दिशेला रोखलेला आहे त्या दिशेला फिरवा. भिंतीच्या घर्षणाने कोपर चेहऱ्याकडे सरकतं.

डोकं

खांदे आले की घरातल्यांना वाटतं झालं. डॉक्टरांना माहीत असतं की आता सुरू होतंय.

पहिली चूक: खांदे आल्या आल्या बाळ वर उचलणं. मानेच्या मागचे केस दिसेपर्यंत डोकं खाली उतरलेलं नसतं. तोपर्यंत बाळ स्वतःच्या वजनाने लटकू द्या, एक हात खाली तयार ठेवून. केसांची रेषा पुढच्या हाडाखाली दिसली की मग पाय धरून, हलका ताण ठेवून, कमानीसारखं वर न्यायचं. ही बर्न्स-मार्शल पद्धत. आधीच वर नेलं, किंवा आईच्या पोटावर उलटं टाकल्यासारखं फार मागे नेलं, तर मान मोडण्याइतकी वळते.

मला स्वतःला बाळ हातावर घेण्याची पद्धत जास्त सुरक्षित वाटते. मॉरिसो, स्मेली आणि फाइट, तीन देशांचे आणि तीन शतकांचे हे तिघे, आणि त्यांच्या नावाने ती ओळखली जाते. बाळाला आपल्या हातावर पालथं, दोन्ही पाय हाताच्या दोन बाजूंना, असं घ्यायचं. त्याच हाताची दोन बोटं गालाच्या हाडांवर ठेवायची. जुन्या चित्रांत बोट तोंडात दिसतं, ते करू नका, जबडा निखळतो. दुसऱ्या हाताची बोटं दोन्ही खांद्यांवर आणि मधलं बोट डोक्याच्या मागच्या बाजूला. मागचं बोट ढकलतं, पुढची बोटं चेहरा खाली आणतात, डोकं छातीकडे वाकतं. ओढण्यापेक्षा वाकवणं हे या पद्धतीचं काम आहे.

आणि इथे मदतनिसाची गरज लागते. तिने त्याच पुढच्या (प्युबिक) हाडाच्या अगदी वर, खाली आणि मागे दाब द्यायचा, म्हणजे डोकं वाकलेलं राहतं. आपल्या लेबर रूममध्ये ‘दाब दे’ म्हटलं की मावशी गर्भपिशवीच्या वरच्या टोकावर कोपराने दाबतात. तो दाब नको. कुठे दाबायचं हे आधीच हाताने दाखवून ठेवा.

तरीही आलं नाही तर क्रम पक्का हवा: मूत्राशय रिकामं आहे का, बाईचे पाय पोटाशी दुमडलेत का, हाडावरचा दाब बरोबर आहे का. मग फोर्सेप्स. पायपर यांनी १९२४ मध्ये खास याच डोक्यासाठी वाकवलेले फोर्सेप्स बनवले. ते लावताना मदतनिसाने बाळाचं अंग टॉवेलात गुंडाळून आडवं धरायचं, वर नाही. पिशवीचं तोंड मानेभोवती आवळलं असेल तर ते सैल करण्याचं औषध, आणि शेवटी तोंडाला छेद. हे तज्ज्ञाचं काम.

डोकं आलं तेही घाईने बाहेर उडू देऊ नका. डोक्याने येणाऱ्या बाळाला आकार घ्यायला तास मिळतात, याला मिनिटं. फटकन सुटलं तर मेंदूभोवतीच्या पडद्याला इजा होऊन रक्तस्राव होतो. तोंड आणि नाक दारात आलं की पुसा आणि उरलेलं डोकं सावकाश येऊ द्या.

घड्याळाकडे न बघणं

हात मागे ठेवा याचा अर्थ झोपा काढा असा नाही. बाळाची बेंबी बाहेर आली की नाळ डोक्याआड दाबली जाते. बेंबीपासून डोक्यापर्यंत ३ मिनिटांहून जास्त, किंवा कुल्ल्यांपासून डोक्यापर्यंत ५ मिनिटांहून जास्त लागत असतील, किंवा बाळ ढिलं, पांढरं दिसत असेल, तर वाट बघणं संपलं. त्या तीन मिनिटांत आपल्याला एक मिनिट झालंय की पाच हे कळत नाही. म्हणून एका सिस्टरचं काम फक्त घड्याळ वाचणं आणि वेळ लिहिणं: कुल्ले, बेंबी, हात, डोकं. हाच कागद नंतर, ‘उशीर का केलात’ असं कुणी विचारलं तर, कामी येतो. आपण त्याच वेळी लिहिलेला असला तर.

चार माणसं मोजून घ्या: बाळ घेणारा, पोटावर दाब देणारी, वेळ लिहिणारी, आणि बाळाला श्वास देणारी. चौथी व्यक्ती बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरजवळच उभी हवी. ब्रीच बाळ बऱ्याचदा ढिलं जन्मतं. पुसून, तोंडाची जागा बघून पहिल्या मिनिटात अँब्यू चालू झाली तर बहुतेक बाळं रडतात. आईला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, पण आधी पोटाला हात लावून दुसरं बाळ नाही ना हे बघून.

जन्मानंतरची राहून गेलेली तपासणी

बाळ रडलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि बाळाला कुणी नीट तपासत नाही. दोन्ही हात सारखे हलतात का, गळपट्टीचं हाड, दंड, मांडी दाबून बघा. कुल्ले आणि मुलाच्या वृषणांची पिशवी सुजून काळी-निळी झालेली असते, ती काही दिवसांत उतरते. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते.

पाय वर असलेली बाळं जन्मल्यावरही काही दिवस पाय तोंडाशी घेऊनच झोपतात. इथे एक आपल्याकडची खास चूक होते. बाराव्या दिवसानंतर मालिशवाली बाई येते आणि तेल लावून दोन्ही पाय धरून ओढून सरळ करते, मग बाळाला पाय जुळवून काठीसारखं घट्ट गुंडाळतात. ब्रीच बाळात खुब्याचा सांधा मुळात सैल असण्याची शक्यता जास्त. अशा ओढण्याने आणि बांधण्याने तो निसटतो, आणि मूल लंगडत चालायला लागल्यावर कळतं. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी लिहा: पाय ओढू नयेत, मांड्या फाकलेल्या राहतील असं सैल गुंडाळावं. आणि सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी, सिझरने झालेल्या ब्रीच बाळाचीसुद्धा.